मी पुसलेली पिवळी रेघ

"टर्बो म्हणजे नेमकं काय हो?" असं लग्नकार्यात कुणी मला विचारलं की माझी बायको शुभा ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाते. आता अर्धा तास गेला, हे तिला अनुभवानं माहीत आहे. तुमचीही सुटका नाही, पण थोडक्यात सांगतो. इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो, तो सहसा वाया जातो. टर्बोमध्ये त्या धुराच्या वाटेत एक चाक असतं. धूर ते चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला ॲल्युमिनियमचं एक चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणून इंधन जास्त जळतं, आणि ताकद वाढते. झालं. आता गंमत अशी, की हा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. त्या वेगाला एखादं चाक एका बाजूला नखभर जरी जड असलं, तरी दांडा थरथरायला लागतो, बेअरिंग खातो आणि सगळ्याचा भुगा होतो. तेव्हा चाकं दांड्यावर बसवून त्यांचा तोल साधणं, म्हणजे बॅलन्सिंग, हे माझं काम. आधी पिंपरीच्या कारखान्यात केलं, नंतर दुबईत वीसहून जास्त वर्षं केलं. आता सेवानिवृत्त आहे, मुलीकडे अबुधाबीला अल रीम बेटावर जाऊन-येऊन असतो आणि लिफ्टच्या मोटरचा आवाज ऐकून वॉचमनला सूचना करतो.

दुबईत आमचं वर्कशॉप अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात होतं. मालक युसुफभाई, मूळचे खेडजवळचे. माणूस नमाजी, कामाला वाघ, आणि शिव्या अस्सल रत्नागिरीकडच्या. मी आलो तेव्हा मला म्हणाले होते, "विनायक, इथे एसी नाही, लाड नाहीत. पण तुझ्या मशीनला मी हात लावणार नाही, नि दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही." हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला, आणि एसीचाही पाळला.

गिऱ्हाईक म्हणजे मुख्यत्वे ट्रकवाले. फुजैराच्या डोंगरातून खडी आणणारे, हत्ताच्या बाजूचे, ओमानहून येणारे. आखातात टर्बोचे दोन शत्रू, एक वाळू आणि दुसरा मालकाचा मेहुणा, जो स्वस्तातलं फिल्टर आणून देतो. एक पठाण ड्रायव्हर होते, खानसाब. ते टर्बो कधी डिकीत टाकून आणायचे नाहीत. ब्लँकेटमध्ये गुंडाळून, मांडीवर घेऊन, टॅक्सीनं यायचे. मी उघडून बघेपर्यंत शेजारी उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "बचेगा?" मी हो म्हटलं की मगच चहा घ्यायचे. मला ते आवडायचे. यंत्राबद्दल काळजी असलेला माणूस मला कुठल्याही भाषेत लगेच कळतो.

असं सगळं धूळ-तेलाचं चाललं होतं. नव्वदीचं दशक संपत आलेलं. एक दिवस दारात एक पांढरी लँडक्रूझर थांबली आणि त्यातून बू राशिद उतरले. बू राशिद म्हणजे राशिदचे वडील, तिकडे थोरल्या मुलाच्या नावानं बापाला हाक मारतात. स्थानिक, श्रीमंत, आणि जुन्या गाड्यांचं वेड. पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात ते आमच्या तेलकट फरशीवरून चालत आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं एक लाकडी पेटी माझ्या टेबलावर ठेवली. पेटीत टर्बो होता. मी आयुष्यात हजारो पाहिले, पण असा नाही. आकार ट्रकच्या टर्बोएवढा, आणि घडणावळ घड्याळासारखी.

बू राशिद हिंदीत सांगू लागले. त्यांनी युरोपात एका लिलावात एक फ्रेंच रेसिंग गाडी घेतली होती. सत्तरच्या दशकाच्या शेवटची. अशा गाडीला प्रोटोटाइप म्हणतात, म्हणजे ती रस्त्यावर विकायला बनवलेलीच नसते, फक्त शर्यतीसाठी चार-पाच करतात. जमिनीला चिकटलेली, लांब शेपटीची, पिवळी. इंजिन अवघं दोन लिटरचं, आपल्या घरच्या गाडीएवढं. पण मागे हा टर्बो, आणि त्याच्या जोरावर ती तिच्याहून दुप्पट-तिप्पट मोठ्या इंजिनांशी चोवीस तास सलग धावायची. दिवसभर, रात्रभर, दुसऱ्या दुपारपर्यंत. त्या काळी टर्बो दोन तास टिकला तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती होती, आणि हे लोक त्याला चोवीस तास पळवायला निघाले होते. पहिल्या वर्षांत इंजिनं वितळली, पिस्टनला भोकं पडली. मग एका वर्षी तिच्या बहिणीनं, म्हणजे तशाच दुसऱ्या गाडीनं, शर्यत जिंकली. जिंकल्यावर त्या कंपनीनं ती शर्यतच सोडून दिली. पण तिथे जे शिकले, ते हळूहळू सगळीकडे झिरपलं. आज खडीनं भरलेला ट्रक फुजैराचा घाट चढतो, त्यात त्या वितळलेल्या इंजिनांचा वाटा आहे. माझ्या भाकरीतही आहे, म्हणून मला हे सगळं इतकं प्रेमानं सांगावंसं वाटतं.

ही गाडी मात्र जिंकलेली नव्हती. आदल्या वर्षी ती पहिल्या नंबरावर असताना, शर्यत संपायला काही तास उरले असताना, सकाळी बंद पडली होती. त्यानंतर तिचा टर्बो कुणी उघडलाच नव्हता. बू राशिदना ती दिवाळीनंतरच्या थंडीत वाळवंटातल्या एका जुन्या धावपट्टीवर पळवायची होती. इंजिन त्यांच्या गॅरेजमध्ये फ्रान्सहून आलेले दोघं जण बघत होते, टर्बो आमच्याकडे.

"विनायक," जाताना ते म्हणाले, "ये दुनिया में एक ही है. इसका दूसरा नहीं मिलेगा. खलास हुआ, तो गाड़ी भी खलास."

युसुफभाईंनी त्यांना गाडीपर्यंत सोडलं आणि परत येऊन मला म्हणाले, "ऐकलंस ना मेल्या? हात धुऊन काम कर."

मी टर्बो उघडला. ॲल्युमिनियमच्या चाकाच्या टोकावर, त्याला दाबून बसवणाऱ्या नटवर आणि दांड्याच्या बाहेर आलेल्या आट्यांवर मिळून एक सरळ पिवळी रेघ होती. रंगाची, वर्षानुवर्षं भाजून मोहरीसारखी झालेली. आमच्या धंद्यात ही रेघ फार मोलाची. चाक दांड्यावर कुठल्या कोनात बसवलं म्हणजे तोल साधतो, ते एकदा सापडलं की अशी रेघ ओढून ठेवतात. पुढच्या वेळी रेघेला रेघ जुळवायची, की काम फत्ते. उघडण्याआधी कोरणीनं आपलीही एक खूण करून ठेवायची, हा पहिला नियम. मी तो नव्या माणसांना ओरडून ओरडून शिकवलाय. त्या दिवशी मी केली नाही. एवढी स्पष्ट रेघ आहे, तिथे आणखी कोरून चाकाला ओरखडा कशाला पाडा, असा विचार केला. चाक काढलं, बाकीचं धुवून ठेवलं. बेअरिंग झिजली होती, पण सगळीकडून सारखी, ती नवी करायला दिली.

मग आली खंडेनवमी. पिंपरीपासूनची सवय, त्या दिवशी हत्यारांची पूजा केल्याशिवाय मी मशीनला हात लावत नाही. युसुफभाईंची कधी ना नव्हती, उलट श्रीखंडाची वाट बघायचे. सकाळी लवकर जाऊन पान्हे, गेज, बॅलन्सिंग मशीन सगळं पुसलं. बर दुबईच्या बाजारातून झेंडू आणलेला. आणि मला काय बुद्धी झाली, वाटलं, आज पूजेला खरा मान कुणाचा? ह्या फ्रेंच पाहुण्याचा! दुनियेत एकच असलेली वस्तू माझ्या टेबलावर आहे. तिला तसंच काळपट कसं ठेवायचं? मी चाक आणि दांडा घेतला, थिनरमध्ये ब्रशनं खसखसून धुतला. मग घरून आणलेल्या चिंचेच्या कोळानं, आई समई घासायची तसं, काथ्यानं चाक घासलं. इतकं लखलखीत झालं म्हणता! पाटावर ठेवलं, गंध लावलं, फूल वाहिलं, हात जोडले.

युसुफभाई श्रीखंडाची वाटी हातात घेऊन बघायला आले. "चकचकीत झालंय हां! अगदी नवं दिसतंय."

नवं, हा शब्द माझ्या कानात अडकला. नव्या चाकाला रेघ नसते.

मी चाक उचललं, उजेडात धरलं. काही नाही. दांड्यावर काही नाही. नट तर केव्हाच चमकत होता. पस्तीस रुपयांच्या पितळी निरांजनासारखं मी ते घासून ठेवलं होतं. युसुफभाईंना "छान आहे ना," म्हटलं, आणि माझी श्रीखंडाची वाटीही त्यांनाच दिली.

आता उपाय काय? एक सोपा होता. चाक कसंही बसवायचं, मशीनवर फिरवायचं, आणि जिथे जड येईल तिथून धातू घासून काढायचा. ट्रकच्या टर्बोला आम्ही रोज हेच करतो. पण ह्या चाकाचा कण काढायला माझा हात धजेना. दुसरं चाक जगात नव्हतं. जास्त घासलं गेलं तर संपलंच. आणि माझं काय, युसुफभाईंचं वीस वर्षांचं नाव मी चिंचेच्या कोळात धुवून टाकणार होतो. मग दुसरा उपाय उरला, वेळखाऊ. चाक दांड्यावर बसवायचं, नट ठराविक जोरानं आवळायचा, मशीनवर फिरवून थरथर दाखवणारा काटा बघायचा. मग नट सोडायचा, चाक दहा अंश फिरवायचं, पुन्हा आवळायचं, पुन्हा बघायचं. असं पूर्ण वर्तुळ. ज्या कोनात काटा सगळ्यात कमी हलेल, तिथे मूळ तोल.

रोजच्या कामात हे करणं अशक्य. म्हणून शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. युसुफभाईंना सांगितलं, मशीनची सफाई करतोय. शुभाला मात्र खरं सांगितलं होतं, ती डबा घेऊन माझ्यासोबत आली. मी आवळायचो, फिरवायचो, आकडा ओरडायचो, ती वहीत लिहायची. तिसऱ्या तासाला म्हणाली, "अहो, मी शाळेत गणित शिकवते, पण इतके निरर्थक आकडे एका दिवसात कधी लिहिले नव्हते."

"निरर्थक नाहीत. कमी होतायत बघ."

"वाढले की पुन्हा."

घरी आल्यावर आमची मुक्ता, तेव्हा दहावीत, दोघांचे तेलकट हात बघून म्हणाली, "यू गाइज आर सो वीअर्ड." मी सरळ हात धुवायला गेलो.

तीन शुक्रवार गेले. तिसऱ्या शुक्रवारी एका जागी काटा एकदम खाली आला. मग मी एकेक अंश पुढे-मागे करून बघितलं, आणि एका ठिकाणी तो जेमतेम थरथरला न थरथरला. मी मशीन बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. "शुभा, सापडलं!" असं ओरडलो आणि तिला तेलकट हातांनीच मिठी मारली. अल कुसैसमध्ये, भर वर्कशॉपमध्ये. माझ्या कामाच्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा क्षण होता असं मी आजही सांगेन, जर मी तिथेच थांबलो असतो तर.

पण मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून पिवळ्या रंगाची छोटी बाटली आणली आणि दांड्यापासून नटवरून चाकापर्यंत एक सरळ रेघ ओढली. मग तिला थोडा काजळीचा हात लावून जुनी केली. कुणी विचारायला नको, बस. शुभाला दाखवली. ती म्हणाली, "छान जमलीय. पण एवढं बरोबर असेल तर काजळी कशाला लावलीत?" मी चिडलो. चोराला चोर म्हटलं की तो चिडतोच.

चार दिवसांनी बू राशिद टर्बो न्यायला आले. बरोबर एक म्हातारा फ्रेंच माणूस होता, सत्तरीचा, बारीक, खांद्यात वाकलेला. हाताची बोटं बघूनच मी ओळखलं, आपल्याच जातीचा. बू राशिद म्हणाले, "ये मार्सेल. उस टाइम इस टर्बो का मेकॅनिक ये ही था. मैं ने बुलाया."

मार्सेलनं खिशातून चष्मा काढला, टर्बोवर वाकला, आणि त्याचा चेहरा उजळला. "माय लाइन," तो म्हणाला. "माय लाइन इज स्टिल हिअर."

मग तुटक्या इंग्रजीत त्यानं जे सांगितलं ते मी इथे मराठीत लिहितो. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी त्यानं बेअरिंग बदलायला हा टर्बो उघडला होता. घाई होती, लोक ओरडत होते. त्यानं चाक बसवलं, आवळलं, रेघ ओढली. दुसऱ्या सकाळी गाडी पहिली असताना पिस्टन गेला. वरचे म्हणाले, टर्बो थरथरत होता, मार्सेलनं चाक चुकीचं बसवलं. नक्की कुणी तपासलं नाही, टर्बो पेटीत गेला, पुढच्या वर्षी बहीण जिंकली आणि सगळे विसरले. "मी नाही विसरलो," मार्सेल म्हणाला. "त्या सकाळी गाडी थांबली, तेव्हापासून वीस वर्षं मला धड झोप नाही. तुझ्या मशीनवर फिरव. माझी रेघ खोटी होती का खरी, मला आज बघायचंय."

युसुफभाई कौतुकानं मान हलवत होते. आता फक्त मशीन लावायचं होतं. काटा हलणार नव्हता, हे मला माहीत होतं. म्हातारा खूश होऊन गेला असता. कुणालाही काही कळलं नसतं. पण तो जी रेघ बघून खूश होणार होता ती माझी होती! तिचा त्याच्या हाताशी काही संबंध नव्हता. मी मशीनच्या बटणावर हात ठेवला आणि मला ते दाबवेना.

"सर," मी म्हणालो, "धिस इज नॉट युवर लाइन. धिस इज माय लाइन. युवर लाइन, आय वॉश्ड इट."

मग चिंच, खंडेनवमी, शुक्रवार, पिवळी बाटली, सगळं सांगून टाकलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत, आणि युसुफभाईंकडे बघून मराठीत. युसुफभाईंनी कपाळावर हात मारला. "चिंच? अरे मेल्या, चिंच?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मार्सेल तेलाच्या डब्यावर बसला. त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो. वीस वर्षं जपलेला एकमेव पुरावा मी देवपूजेत घालवला होता.

बू राशिदनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "विनायक, झूठ का लाइन क्यों लगाया?"

"डर गया था," मी म्हणालो.

"अभी नहीं डरता?"

"अभी भी डरता हूँ."

मार्सेल अचानक उठला. त्यानं माझ्या टेबलावरचं भिंग घेतलं, कापूस घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि माझी रेघ पुसायला लागला. चार दिवसांचा रंग, लगेच निघाला. काजळीसकट. तरी तो पुसतच राहिला, मग भिंग लावून बघायला लागला, आणि मला हात धरून ओढलं. दांड्याच्या आट्यांच्या खोल सापटीत, जिथे माझा ब्रश पोचला नव्हता, मोहरीच्या रंगाचा एक ठिपका होता. जुना, भाजलेला, निघता न निघणारा. मी दिवा जवळ घेतला. आता चाकावर. ओतकाम करताना ॲल्युमिनियममध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. त्यातल्या एकात तसाच मोहरीचा ठिपका होता. बाकी सगळ्या भोकांत चिंचेचा चोथा.

मी पट्टी लावली. दांड्यावरचा ठिपका आणि चाकावरचा ठिपका एका सरळ रेषेत होते. मार्सेलनं पट्टी स्वतः धरून पुन्हा बघितलं. मग बू राशिदनी बघितलं. मग युसुफभाईंनी, चष्मा नसल्यामुळे काही न दिसताही, बघितलं.

मी मार्सेलला वही दाखवली, शुभाच्या अक्षरातली. रेघ नसताना, फक्त काट्याच्या भरवशावर, तीन शुक्रवार शोधून मला जी जागा सापडली होती, ती हीच होती. वीस वर्षांपूर्वी त्यानं चाक बरोबर तिथेच बसवलं होतं. पिस्टन कशानं गेला ते देव जाणे, पण मार्सेलच्या हातानं नाही गेला.

त्यानं मशीन लावायला सांगितलं. चाक फिरू लागलं, शिट्टी चढत गेली, काटा जागचा हलला नाही. मार्सेल काट्याकडे बघत उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं. मलाही आवरेना. तो फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाला, मला एक अक्षर कळलं नाही, पण त्यानं माझ्या पाठीत असा जोरात धपाटा घातला की भाषांतराची गरज उरली नाही.

मी भीतभीत विचारलं, आता नवी रेघ तुम्ही ओढाल का? त्यानं मान हलवली. नको म्हणाला, आता नको. युसुफभाईंनी पुढे महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, आणि वर्कशॉपमध्ये चिंच आणायला कायमची बंदी घातली. दोन्ही रास्तच होतं. चूक केली ह्याचं मला आता तितकं वाईट वाटत नाही. काजळी लावली ह्याचं मात्र वाटतं.

दोन दिवसांनी आम्ही सगळे धावपट्टीवर गेलो. शुभा, मुक्ता, युसुफभाई, बू राशिदचा गोतावळा, आणि कुणी कुणी. सकाळचं कोवळं ऊन होतं. गाडी सुरू झाली, दूर गेली, वळली, आणि मग पूर्ण ताकदीनं आमच्या समोरून गेली. त्या इंजिनाच्या किंकाळीवर टर्बोची शिट्टी अशी चढली होती, की मुक्तासुद्धा कानावर हात ठेवून "ओ माय गॉड, बाबा!" म्हणून नाचायला लागली. पायाखालची जमीन हादरत होती. बू राशिद लहान पोरासारखे उड्या मारत होते. मी मार्सेलला बघायला वळलो.

तंबूच्या सावलीत, घडीच्या खुर्चीत, तोंड किंचित उघडं टाकून तो गाढ झोपला होता.

"अरे उठव त्याला!" युसुफभाई ओरडले. "एवढ्या लांबून ह्याच्यासाठीच तर आला ना?"

"असू द्या, युसुफभाई. झोपू द्या," मी म्हणालो. गाडी पुन्हा एकदा तशीच कानठळ्या बसवत गेली, त्याची पापणीही हलली नाही. त्याच्या हातातला चहाचा कप कलंडायला आला होता. तो मी अलगद काढून घेतला आणि बू राशिदना खूण केली, अजून एक फेरी होऊ दे.